डब्याच्या काठावरचं नाव

एप्रिल अर्धा सरला की आमच्या बोरीवलीत शिंकांचा मोसम सुरू होतो. आधी तळमजल्यावरून एक शिंक ऐकू येते, मग दुसऱ्या मजल्यावरून दोन, मग जिन्यात कोणीतरी खोकत खोकत ओरडतं, "अरे, कोणाकडे भाजतायत?" कोणाकडे तरी वर्षाचा मसाला होत असतो. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मिरच्या पसरलेल्या असतात. बेडगी एका साडीवर, संकेश्वरी दुसरीवर, धणे ताटांत, आणि कावळे हाकलायला कोणीतरी छत्री उघडून बसलेलं असतं. तो ठसका नाकात गेला की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं आणि मला केदार आठवतो. लोकांना मोगऱ्याच्या वासाने माणसं आठवतात. मला मिरचीच्या धुराने आठवतात, आणि आठवणारा माणूस बघता ते बरोबरच आहे.

आधीच सांगून टाकते, मी विसरणाऱ्यांतली नाही. "जाऊ दे ना आता, वीस-बावीस वर्षं झाली," असं नवरा म्हणतो, बहीण म्हणते. योगाच्या वर्गातल्या बाई तर श्वासाबरोबर राग बाहेर सोडायला सांगतात. मी श्वास सोडते. राग आत ठेवते. मसाल्याच्या बरणीत कीड लागू नये म्हणून हिंगाचा खडा टाकतात, तसा तो मी जपून ठेवला आहे, आणि त्याचा वास अजून जराही उडालेला नाही.

तेव्हा मी अंधेरीला मरोळच्या बाजूला एका औद्योगिक गाळ्यात कामाला होते. दुसरा मजला, सात माणसं, सहा कॉम्प्युटर. खालच्या गाळ्यात रबराच्या चकत्या बनायच्या, त्यामुळे आमच्या सगळ्या कल्पनांना जळक्या रबराचा वास असायचा. आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवत असू. माझं काम बटणांचं. हे आता कोणाला सांगितलं तर हसू येतं, कारण आता कोपऱ्यात तीन आडव्या रेघा टाकल्या की झालं. तेव्हा वेबसाइटवरचं एकेक बटण हाताने घडवावं लागे. मराठी अक्षरं तर बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर उमटतच नसत, चौकोनांची रांग दिसायची. म्हणून 'संपर्क' हवं असेल तर 'संपर्क' या शब्दाचं चित्र काढायचं. तेही तीनदा. एक नुसतं पडलेलं, एक त्याच्यावर माउस आला की उजळणारं, एक दाबलं की आत जाणारं. उजेड डावीकडून वरून, सावली उजवीकडे खाली, एक ठिपका, फार तर दोन. आणि सगळ्याचं वजन इतकं कमी ठेवायचं की टेलिफोनच्या तारेतून ते लोकांच्या घरात पोचेपर्यंत लोक कंटाळून उठून जाऊ नयेत. मला ते काम जमायचं. खोटा विनय कशाला, आमच्या ऑफिसात माझ्याइतकं कोणालाच जमायचं नाही.

केदार माझ्या शेजारच्या खुर्चीवर. पार्ल्याचा. आजोबा प्राध्यापक, वडील प्राध्यापक, घरात पुस्तकांची कपाटं. तो इंग्रजीत बोलायला लागला की आमचे नितीन सर खुर्चीत सरळ बसायचे. पण माणूस गोड होता, हेही लिहायला हवं. माझ्या डब्यातली सुकटीची चटणी तो बोटं चाटून खायचा. मला ताप आला तेव्हा माझी चौदा बटणं त्याने गुपचूप पूर्ण केली होती. तो माझा दोस्त होता. परक्याने केलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

ऑफिसात पहिल्याच महिन्यात त्याने विचारलं होतं, "तुझे बाबा काय करतात गं?"

"टेक्स्टाइलमध्ये होते," मी म्हटलं.

"म्हणजे मिलओनर काय?" तो म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. बाबा साचाखात्यात होते, म्हणजे गिरणीत जिथे कापड विणतात तिथे. गिरणी बंद पडल्यावर ते आमच्याच रस्त्यावरच्या एका सोसायटीत रखवालदार झाले. मी यातलं काही बोलले नाही. हसून झाल्यावर मी एका बटणाची सावली नीट करत बसले.

त्या वर्षी मार्चमध्ये परब काकूंचं काम आलं. घाटकोपरच्या परब काकू म्हणजे मालवणी मसाल्यातलं मोठं नाव. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर घरात चार किलो मसाला करून सुरुवात केली, आणि आता त्यांचा मसाला आखातात जात होता. त्यांना वेबसाइट हवी होती. "ती उघडली की माणसाला भूक लागली पाहिजे," एवढीच त्यांची मागणी. सरांनी मला आणि केदारला सांगितलं, पानाच्या वरची बटणांची मांडणी दोघांनी वेगवेगळी करा, चांगली असेल ती घेऊ. जो हे काम नेईल त्याला नंतर डिझाइनचं सगळं खातं मिळणार, हेही त्यांनी बोलता बोलता सुचवलं. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मी आईला घरी जाऊन आधीच सांगून टाकलं होतं.

केदारने मिरच्यांची उभी रांग केली, प्रत्येक मिरचीवर एक शब्द. छान होती. मी मात्र आईचा मसाल्याचा डबा घेऊन गेले.

आई द्यायला तयार नव्हती. "रोज लागणारी वस्तू, ती काय कामावर न्यायची?" मग तिने सातही वाट्या रिकाम्या केल्या, चिंच लावून डबा घासला, पुसला, आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून दिला. गोल, जड, रुंद काठाचा डबा. काठावर फिरती अक्षरं होती, टोचणीने टिंबं टिंबं करून कोरलेली, आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तशी. 'सौ. सुमन दत्ताराम यांना लग्नात साचाखात्यातील मंडळींकडून सप्रेम.' बाबांच्या खात्यातल्या माणसांनी वर्गणी काढून तो दिला होता. आईच्या लग्नात आलेली बाकीची भांडी मोडीत गेली, काही गावाला गेली. हा डबा राहिला. शेजारणीकडे लग्नकार्याला भांडी द्यायची वेळ आली तर आई पिंप द्यायची, पराती द्यायची. हा नाही.

ऑफिसच्या खिडकीत डबा ठेवून मी त्याचा वरून फोटो काढला. सहा वाट्या भोवती, एक मध्ये. प्रत्येक वाटी म्हणजे एक बटण. तिखटाच्या वाटीवर माउस नेला की मसाल्यांची यादी, धण्याच्या वाटीवर नेला की पाककृती, मधल्या वाटीवर काकूंची गोष्ट. वाटीवर माउस आला की आत एक छोटा चमचा दिसायचा आणि वाटी किंचित वर उचलल्यासारखी व्हायची. हळदीने मला दोन दिवस रडवलं. मोजक्या रंगांत तिचे पट्टे पडायचे, नदीच्या पुरासारखे. शेवटी मी ठिपका ठिपका हाताने रंगवला. त्या दिवसांत घरी गेल्यावरही भिंतीवर मला ठिपके दिसत.

आणि काठावरची अक्षरं मी पुसली. त्यासाठी एक हत्यार असतं. शेजारची स्वच्छ जागा उचलायची आणि नको त्या जागेवर दाबायची, पुन्हा उचलायची, पुन्हा दाबायची. केदार चहाला खाली गेला होता, तेवढ्यात मी 'साचाखात्यातील'पासून सुरुवात केली. चित्र लहान केलं की ती टिंबं मळासारखी दिसत होती, हे खरं आहे. तो वर येईपर्यंत काठ कोरा करकरीत झाला होता. सवयीप्रमाणे मी हे पुसण्याचं काम वेगळ्या थरावर केलं, खालचा मूळ फोटो तसाच ठेवून. या कामातले शहाणे लोक खालचं कधी मोडत नाहीत. वरच्या थराशेजारी एक छोटा डोळा असतो, तो मिटला की वरचं सगळं दिसेनासं होतं आणि खालचं वर येतं.

सरांनी माझा डबा निवडला. केदारने माझी पाठ थोपटली. "शुभा, तोड नाही यार याला," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

काकूंना काम दाखवायचा दिवस बुधवार ठरला, आणि त्याच बुधवारी डंकावर आमचा नंबर आला. ज्यांच्या घरी वर्षाचा मसाला होत नाही त्यांना हे कळायचं नाही. मिरच्या वाळवून, देठ काढून, भाजून तयार झाल्या की त्या थांबत नाहीत. मऊ पडतात. डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, आठवडाभर आधी नंबर लावलेला असतो, आणि तो चुकला की पुन्हा शेवटून सुरुवात. आईचा खांदा त्या वर्षी दुखत होता. मी सरांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. "जा तू, केदार दाखवेल," सर म्हणाले. "दाखवायचं तर आहे."

मला तो दिवस स्वच्छ आठवतो. डोक्याला पदर बांधून बसलेल्या बायका, लोखंडी मुसळांचा धाड धाड आवाज, हवेत लाल धूळ. कोणी दगडफूल जास्त घातलं म्हणून जावेशी भांडत होतं. आई माझ्या कानाशी ओरडून सांगत होती की त्रिफळं शेवटी घालायची, आधी नाही. माझे केस लाल झाले होते, पापण्याही लाल झाल्या होत्या, आणि मी मजेत होते. तिकडे घाटकोपरला माझा डबा उघडला जात असेल, काकूंना भूक लागत असेल, असा विचार मनात घोळवत मी चाळण धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी केदार म्हणाला, "झकास झालं गं. काकू एकदम खूश."

तीन आठवड्यांनी एका पेपरच्या पुरवणीत अर्धं पान आलं. हाताची घडी घातलेला केदार, मागे कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर माझा डबा. 'लहानपणी आजीच्या स्वयंपाकघरात मी तासन्‌तास या डब्याकडे बघत बसायचो.' प्राध्यापक आजोबांना आजीच्या हातची आमटी कशी आवडायची, तेही होतं. माझं नाव कुठेही नव्हतं. मी ते पान तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा मला वाटलं माझंच वाचण्यात काहीतरी राहतंय.

"केदार, कुठली आजी?"

"अगं ऐक ना. काकूंनी विचारलं, हा डबा कोणाचा? माझ्या तोंडातून गेलं, आजीचा. गोष्ट लागते ना काहीतरी. मग त्यांनीच त्या पेपरवालीला सांगितलं. मी काय करू?"

"माझ्या आईचा आहे, असं सांगायचं."

"आता छापून आलंय यार. पुढच्या वेळी सांगू ना."

पुढच्या सोमवारी तो केबिनमध्ये बसायला गेला. डिझाइनचं खातं त्याला मिळालं. सर मला म्हणाले, "तुझी हातोटी आहे गं, पण माणसांशी बोलायला केदार बरा." मी मान डोलावली. माझ्या मानेचा मला अजून राग येतो.

आईला मी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पुरवणीचं पान मी पिशवीच्या तळाशी ठेवलं होतं. पण ती रोज विचारायची, डबा कॉम्प्युटरवर कधी दाखवतेस. एका रविवारी मी तिला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेले. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. पान वरून खाली हळूहळू उतरत होतं, आधी डब्याची कड, मग वाट्या. आईने चष्मा लावला, पडद्याच्या अगदी जवळ गेली, आणि काठावरून बोट फिरवलं. एकदा. मग उलट दिशेने.

"माझा नाव खंय गेला?"

"एवढं बारीक दिसत नाही गं कॉम्प्युटरवर," मी म्हटलं.

"बरां," आई म्हणाली. तिने चष्मा काढून डबीत ठेवला. बाहेर आल्यावर तिने कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी नेहमीपेक्षा जास्त वेळ हुज्जत घातली.

तिथून माझा सूड सुरू झाला. तेव्हा मी बोरीवलीहून गोरेगावला येऊन आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसने मरोळला जायचे. तबेल्यांचा वास, झाडांच्या सावल्या, एखाद्या पाड्याच्या थांब्यावर चढणाऱ्या भाजीच्या पाट्या. बाकीचे लोक त्या रस्त्यावर डुलक्या काढत. मी खिडकीशी बसून केदारचं काय करायचं ते ठरवत असे. कधी मी त्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारायचे. कधी पेपरवालीला पत्र लिहायचे. कधी त्याच्या आजीलाच गाठायचे, पण ती बिचारी जिवंत आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. पूर्ण रस्ताभर मला फार बरं वाटायचं. मनात राग असलेल्या माणसाचा प्रवास लवकर संपतो, हा माझा अनुभव आहे.

मग मेच्या शेवटी काकूंनी बदल सांगितले. लोणच्याच्या जागी कोकम आगळ हवं, पाककृतींचं बटण ठळक हवं. केदार केबिनमधून म्हणाला, "शुभा, करून टाक ना प्लीज." मूळ फाइल माझ्याकडेच होती. मी ती उघडली, आणि पुसलेल्या थराशेजारचा डोळा मिटला. आईचं नाव काठावर वर आलं.

मी ते पडून असलेल्या बटणांवर ठेवलं नाही. ते कोणाच्याही लगेच लक्षात आलं असतं. मी ते फक्त माउस वर आल्यावर उजळणाऱ्या चित्रांत ठेवलं. डब्याचे सहा तुकडे कापताना कात्री अशी सरकवली की प्रत्येक वाटीच्या वाट्याला काठावरचे पुरे शब्दच यावेत. अक्षरं हलवली नाहीत, ती होती तिथेच राहिली. नुसता डबा बघितला तर काठ कोरा. एका वाटीवर माउस नेला तर तिच्याजवळचे शब्द चमकायचे, काढला की जायचे. सगळं वाचायचं तर डब्याला फेरी घालावी लागायची. मी ते वीस वेळा तपासलं. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं कुठलंच काम केलेलं नाही, आणि त्याबद्दल मला कधी बक्षीसही मिळालेलं नाही.

केदारने तपासलं नाही. तो आता केबिनमधला माणूस होता.

घाटकोपरला काकूंच्या घरी आम्ही तिघं गेलो, सर, केदार आणि सीडी धरायला मी. खाली दुकान, वर घर. काकूंची बोटं हळदीने पिवळी होती, त्यांनी ती पदराला पुसली आणि माउस हातात घेतला. केदार त्यांना नवीन बटणाबद्दल सांगत होता. काकू ऐकत नव्हत्या. त्यांना काठावर काहीतरी दिसलं होतं.

"सौ. सुमन दत्ताराम," त्यांनी मोठ्याने वाचलं. "ही कोण रे?"

केदारने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी सीडीच्या डबीवरचं लेबल वाचत होते. "आजी," तो म्हणाला. "आजीचं नाव, काकू."

मला हे माहीत नव्हतं की तो इतक्या चटकन माझ्या आईचं नावही घेऊन टाकेल. म्हणजे पुरावाही मीच त्याच्या हातात ठेवला होता. पण काकू पुढच्या वाटीवर गेल्या होत्या.

"यांना… लग्नात…" त्या हळूहळू फेरी घालत होत्या, देवळात घालतात तशी. "साचाखात्यातील." तिथे त्यांचा हात थांबला. मग उरलेल्या दोन वाट्या. "मंडळींकडून. सप्रेम."

खाली दुकानात कोणीतरी मसाला मोजत होतं, त्याचा आवाज येत होता.

"केदार," काकू म्हणाल्या, "तुझे आजोबा कॉलेजात शिकवायचे ना रे? पेपरात वाचलं मी."

"हो, काकू."

"मग साचाखात्यातली मंडळी त्यांच्या लग्नात कशी आली?"

केदारने इंग्रजीत एक वाक्य सुरू केलं आणि ते अर्ध्यावरच सोडलं. सर एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. काकू माझ्याकडे वळल्या. "माझे मालक साचाखात्यातच होते. अशी वर्गणी काढून कोण कोणाला काय द्यायचं ते मला पुरतं ठाऊक आहे. तुझी आई काय गं सुमन?"

"हो," मी म्हटलं. "डबाही तिचा. आणि काम माझं."

तो क्षण मी आजवर किती वेळा चघळला असेल त्याला गणती नाही. केदारच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पुडीतल्या तिखटाइतक्या. लोक सांगतात की सूड घेतला की पोकळ वाटतं, हाती काही लागत नाही. त्यांनी नीट घेतला नसेल. मला गच्च वाटलं. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

निघताना काकूंनी मला दारात थांबवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझो राग माका कळता गो. पण माझ्या दुकानाच्या डब्यार दुसऱ्या बाईचा नाव कशाक? ता काढून टाक." त्यांचंही चुकलं नव्हतं. पण ते मी काढलं नाही. सर रिक्षात मला म्हणाले, "घरातलं भांडण क्लायंटच्या दारात नेतात का?" मी म्हटलं, "सर, घर कोणाचं?" त्याच आठवड्यात मी काम सोडलं, मूळ फाइलची सीडी पर्समध्ये टाकून. नाव दुसऱ्या कोणीतरी पुसलं, खालचा फोटो हाताशी नसल्यामुळे अगदी ओबडधोबड, पट्टा मारल्यासारखं. केदारची केबिन महिन्याभराने गेली. ही बातमी मला कळली तेव्हा मी घरात शिरा केला होता.

पुढे मी पुष्कळ ठिकाणी काम केलं. बटणं गेली, सावल्या गेल्या, सगळं सपाट झालं. आता मी घरी बसून फोनवरच्या अ‍ॅपसाठी चिन्हं काढते. केदारही मोठा झाला. त्याची स्वतःची कंपनी आहे, तो व्यासपीठांवर बोलतो, पांढरी दाढी ठेवली आहे. आम्ही कधी बोललो नाही. दर एप्रिलला मी त्याला आठवून त्याचं वाईट चिंतते आणि मिरच्यांचे देठ काढायला आईकडे जाते.

या एप्रिलमध्ये त्याचा मेसेज आला. जुन्या मराठी वेबसाइटींचं प्रदर्शन भरवतायत, त्यात परब काकूंचा डबा ठेवायचा आहे, मूळ फाइल फक्त तुझ्याकडे असेल. 'तेव्हा माझं चुकलंच. तुझं नाव मोठ्या अक्षरांत देऊ. आणि काठावरचं काकूंचं नावही तसंच ठेवू, पुसणार नाही, शब्द देतो.' काकूंचं म्हणजे माझ्या आईचं. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. इतक्या वर्षांत मला जे जे हवं होतं ते सगळं त्यात होतं, एका ओळीखाली एक, रांगेत. मला त्याला झुरवायचं होतं. मी चार उत्तरं लिहिली आणि चारही खोडली, एकाहून एक जहरी होती.

रविवारी आईकडे गेले. ती आता चौऱ्याहत्तरची आहे, गच्चीवर जाववत नाही, म्हणून बाल्कनीतच चार किलो मिरची पसरते. आम्ही समोरासमोर बसून देठ काढत होतो. मी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. केदारची आजी, पुरवणीचं पान, घाटकोपर, काकूंची फेरी. ती मध्येमध्ये हसली. केदारचे कान लाल झाले तिथे तर तिने मांडीवर हात मारला.

"आता तो माफी मागतोय," मी म्हटलं. "तुझं नाव ठेवणार म्हणतो, पुसणार नाही म्हणतो. देऊ का त्याला? की नको देऊ? तू म्हणशील तसं. चोर तो आपला दोघींचा आहे."

आईने एक मिरची उजेडात धरून बघितली, डागाळलेली होती, ती बाजूला टाकली.

"त्याने गोष्ट चोरली," ती म्हणाली. "नाव कोणी खोडलं?"

खालून कोणाच्या तरी घरून भाजण्याचा वास वर येत होता. मला शिंक आली, आणि मी ती येऊ दिली, कारण तेवढाच वेळ मिळत होता. टिंबं मळासारखी दिसत होती, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. इतकी वर्षं मी ते स्वतःला सांगत आले होते. केदारवर मी जेवढा जाळ केला त्याच्या मागे ते वाक्य बरं लपलं होतं.

"मी खोडलं, आई," मी म्हटलं. "मला लाज वाटली होती. साचाखात्याची."

"माका ठाऊक होता," आई म्हणाली. तिने मान वर केली नाही, हात थांबवले नाहीत. "म्हणान तर तुका लग्नात सगळी भांडी कोरी दिलंय."

नाव न घालणं ही मी फॅशन समजले होते. इतकी वर्षं मी त्यांत जेवते आहे.